बडोद्याचा जुना समुद्र: ओख्याची वारी

बडोदा संस्थानाला स्वतःचा समुद्र होता, हे आमच्या पिढीतल्या बऱ्याच बडोदेकरांना ठाऊक नसतं. काठेवाडातलं ओखामंडळ आणि कोडिनार हे दोन्ही गायकवाडांचे मुलूख, थेट अरबी समुद्राला भिडलेले. सयाजीराव महाराजांच्या काळात दरबारानं जेम्स हॉर्नेल या प्राणिशास्त्रज्ञाकडून ओखामंडळच्या किनाऱ्याची पाहणी करून घेतली. त्याचा अहवाल १९०९ आणि १९१६ साली दोन भागांत निघाला. पुढे १९२६ साली ओखा बंदर सुरू झालं, तेही बडोद्यानंच बांधलेलं. समुद्रातून काय काढायचं हे ठरवण्याआधी त्यात काय आहे ते पाहायला माणूस पाठवणारा राजा आपला होता, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारनं खोल समुद्रातल्या मासेमारीचे नवे नियम काढले. ते वाचल्यापासून ओखा डोक्यात होतं. बापूकाकांना विचारलं, तर ते म्हणाले, ‘‘चल. द्वारकाधीशाचं दर्शनही होईल.’’ दांडिया बाजारात काकूनं भाकरी, ठेचा आणि गूळपोळ्या बांधून दिल्या, आणि आम्ही सौराष्ट्र मेल पकडली. मुंबईहून येणारी ही गाडी बडोद्याला अपरात्री येते आणि थेट ओख्याला जाऊन थांबते. जामनगर गेलं की मुलूख कोरडा होत जातो, बाभळी, खडकाळ माळ, मध्येच गुरांचा कळप. द्वारकेनंतर मिठापूरला मिठाचे पांढरे ढीग दिसले की खारा वारा खिडकीतून आत येतो.

ओखा म्हणजे जमिनीचं टोक. समोर बेट द्वारका, तिथं जायला आता सुदर्शन सेतू आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत तो खुला झाला. त्याआधी सगळे होडीनं जायचे. पुलावरून वाहनं सुसाट जातात, पण खाली धक्क्यावर उतरून चालावं. बर्फाच्या लाद्या फोडणारी माणसं, डिझेलचा वास, एकमेकींना खेटून उभ्या बोटी, त्यांच्यावर वाळत घातलेले कपडे. मोठ्या ट्रॉलरवरचे खलाशी कुठून कुठून आलेले, कुणी वलसाडकडचा, कुणी थेट आंध्रातला. एकदा निघाले की दोन-दोन आठवडे पाण्यावर.

लहान होड्या जरा बाजूला होत्या. फायबरच्या, पाठीमागे मशीन लावलेल्या, ज्यांना इथं पिलाणा म्हणतात. तिथं एक वयस्क टंडेल, म्हणजे होडीचे नाखवे, जाळं दुरुस्त करत बसले होते. बापूकाकांची गुजराती फर्डी आहे, त्यामुळे गप्पा लगेच जमल्या. टंडेलांनी पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरलेलं, हातात सुताची सुई. जाळ्याचा तुटलेला भाग त्यांनी माझ्यासमोर पसरला. मी अगदी वाकून पाहिलं. वरच्या दोरीला बोयं तशीच होती, खालच्या दोरीला शिसंही तसंच, आणि मधलं जाळं गेलेलं. कडेचे धागे एका दिशेनं ओढून लांब झालेले. मोठ्या माशानं फाडलं असतं तर भोक पडलं असतं. हे कुणीतरी ओढून नेलं होतं.

‘‘रात्री ट्रॉलर वरून गेला, बेन,’’ ते म्हणाले. ‘‘आमचं जाळं पाण्यात टांगलेलं असतं, भिंतीसारखं. मासा येतो आणि अडकतो. त्यांचं जाळं तळ खरवडत येतं. आमचं मध्ये आलं की गेलं. सकाळी जाऊन पाहायचं किती उरलं ते.’’

पुढे ट्रॉलरच्या धक्क्यावर एक जाळं वाळत पडलं होतं. त्याच्या दोन्ही बाजूंना जड फळ्या असतात. पाण्यात त्या एकमेकींपासून दूर सरकतात आणि जाळ्याचं तोंड उघडं ठेवतात. तळावरून जाताना जे समोर येईल ते आत. सगळं शेवटच्या पिशवीत साठतं. गुजरातेत त्या पिशवीची वीण ४० मिलिमीटरची आणि चौकोनी हवी असा नियम आहे. ताण आला तरी चौकोनी वीण मिटत नाही आणि लहान मासा निसटतो, म्हणून. बापूकाकांनी त्या पिशवीच्या विणीत बोट घालून पाहिलं. करंगळी कशीबशी शिरली. शेजारी टोपल्यांत त्या दिवशीचा माल होता. वर चार सुरमई, बरीचशी माकुलं, आणि खाली बोटभर लांबीचीसुद्धा नाहीत अशी शेकडो पिल्लं, चिखलात माखलेली. ही पिल्लं ताटात येत नाहीत. ती फिशमीलच्या कारखान्यात जातात आणि त्यांचं कोंबड्यांचं नि कोळंबीचं खाद्य होतं. त्यात पापलेटचं एक पिल्लू होतं, माझ्या अंगठ्याएवढं. मला तिथून हलवेना.

कायदा वाचला तर सगळं ठीक वाटतं. किनाऱ्यापासून १२ सागरी मैल, म्हणजे साधारण २२ किलोमीटर, हा प्रादेशिक समुद्र. तिथल्या मासेमारीचा अधिकार राज्याचा. त्यापुढे २०० सागरी मैलांपर्यंत, म्हणजे साधारण ३७० किलोमीटरपर्यंत, अनन्य आर्थिक क्षेत्र, आणि तिथं केंद्र. १९७६ च्या कायद्यानं या हद्दी आखल्या. १९८१ च्या कायद्यानं परदेशी जहाजांना विनापरवाना मासेमारी बंद केली. प्रादेशिक समुद्रात सापडलं तर तीन वर्षांपर्यंत कैद, १५ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे राखायला तटरक्षक दल आहे, त्याचं मोठं ठाणं ओख्यालाच. किनाऱ्यालगतच्या पाण्यासाठी केरळ आणि गोव्यानं १९८० साली कायदे केले, महाराष्ट्रानं १९८१ साली. गुजरातचा कायदा यायला २००३ उजाडलं. दिव्यांच्या प्रकाशात मासे गोळा करणं आणि दोन बोटींनी मिळून एक जाळं ओढणं, हे २०१७ मध्ये केंद्रानं बंद केलं. पावसाळ्यातली बंदी पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असते, गुजरातेत ती १५ ऑगस्टपर्यंत वाढवली आहे.

यातलं सगळंच सरकारनं आपणहून दिलेलं नाही, हे मात्र सांगायला हवं. १९९१ च्या धोरणानं परदेशी कंपन्यांच्या भागीदारीत मोठी जहाजं आणायला दार उघडलं. देशभरचे मच्छीमार उठले, बंद पाळले. मच्छीमारांचे नेते फादर थॉमस कोचेरी १९९५ साली उपोषणाला बसले ते इथून जवळच, पोरबंदरला. त्याच वर्षी पी. मुरारी यांची समिती नेमली गेली, आणि त्या जहाजांचे परवाने रद्द करा असंच तिनं सांगितलं. २०१४ मध्ये सरकारनंच नेमलेल्या मीनाकुमारी समितीनं खोल समुद्रात मोठ्या जहाजांना जागा आहे असं म्हटलं, तेव्हा मच्छीमार पुन्हा रस्त्यावर आले.

नव्या नियमांत परदेशी जहाजांना जागा नाही, यांत्रिक बोटींना पास लागेल, लहान पारंपरिक होड्यांना लागणार नाही, आणि सहकारी संस्थांना प्राधान्य आहे. मला हे आवडलं, आणि तसं मी टंडेलांना सांगितलंही. त्यांनी सुई खाली ठेवली.

‘‘ते बारा मैलांच्या पलीकडचं. आमची होडी तिकडे जातच नाही. आमचं जाळं तोडणारा परदेशी नव्हता, इथलाच होता.’’

त्या एका वाक्यानं माझ्या डोक्यातला सगळा नकाशा सरकला. आपण समुद्र राखायचा म्हटलं की परक्या झेंड्याच्या जहाजाकडे बोट दाखवतो. ते अडवायलाच हवं, त्यात शंका नाही. पण माशाच्या पिल्लाला झेंडा कळत नाही. अंडी घालायला आणि वाढायला मासा येतो तो उथळ पाण्यात, खाडीच्या तोंडाशी, तिवरांजवळ. नेमक्या त्याच पट्ट्यात रात्री मोठं जाळं फिरलं तर २०० मैलांवरची राखण काय कामाची? शिवाय जवळचा मासा संपला की बोटी उत्तरेला सरकतात, सरहद्दीकडे. ओख्याच्या या धक्क्यावर कराचीच्या तुरुंगात वर्षं काढून आलेली माणसं भेटतात. हा मासेमारीचाच प्रश्न आहे, आणि तो घराघरांत शिरलेला आहे.

संध्याकाळी खानावळीत बापूकाका माझ्याशी वाद घालत बसले. त्यांचं म्हणणं, ट्रॉलरवरही गरीबच राबतात, बोटीवर कर्ज आहे, माल परदेशी जातो, तिथून पैसा येतो. ‘‘उद्या बंद केलंस तर तो आंध्रातला पोरगा कुठं जाईल?’’ त्यांचं हे खरं आहे, आणि ट्रॉलर सरसकट बंद करा असं मी म्हणतच नाही. त्यांनी बाहेरच्या पाण्यात जावं, योग्य विणीचं जाळं वापरावं. आतला पट्टा मात्र लहान होड्यांचा राहू द्यावा, आणि तो हुद्दा, ओळख, वजन काही न पाहता राखावा. काका बराच वेळ ताक पीत राहिले, मग म्हणाले, ‘‘पण रात्री पाहणार कोण?’’

हाच प्रश्न आम्ही दुसऱ्या दिवशी टंडेलांना विचारला. बोटींवर इस्रोचे ट्रान्सपाँडर बसवायची योजना आहे, त्यातून बोट कुठे आहे ते कळतं. ते त्यांना माहीत होतं. ‘‘बसवा,’’ ते म्हणाले, ‘‘पण मोठ्या बोटींवर आधी बसवा. रात्री बंद ठेवला तर सकाळी धक्क्यावर विचारा, का बंद होता. समुद्रात जायच्या परवानगीचं टोकन घेतल्याशिवाय बोट निघत नाही ना? मग ज्यानं बंद ठेवला त्याला पुढचं टोकन देऊ नका. दंड भरून माणूस परत जातो, टोकन नाही मिळालं तर नाही जात.’’