एकट्यानं पेगन कॅम्पला, आणि दोन तास कांदे

परवा कोल्हापुरात गंगावेशेत दूध कट्ट्यावर विषय निघाला म्हणून लिहितोय, नाहीतर हे मी कुणाला धड सांगितलंच नव्हतं. मागं ऑफिसनं सात महिने इंग्लंडला पाठवलेलं, तेव्हा १ ऑगस्टला धरून मी एका पेगन कॅम्पला जाऊन आलो, म्हणजे ख्रिस्ती धर्माच्या आधीचे जुने देव आणि निसर्ग मानणाऱ्या मंडळींच्या. चार रात्री, शेतात, तंबूत. हे सांगितल्यावर कट्ट्यावर पहिला प्रश्न आला "काळी जादू काय रं भावा?" आणि दुसरा "एकटाच?" खरं सांगतो, दुसऱ्याचं उत्तर देणं जास्त अवघड गेलं.

पहिल्याचं सोपंय. काळी जादू वगैरे काय नसतंय. पेगन हा शब्द लॅटिनमधनं आलाय आणि मुळात त्याचा अर्थ गावाकडचा माणूस, म्हणजे आपण सगळेच. ही मंडळी वर्षात आठ सण करतात, दोन जेव्हा दिवस-रात्र सारखे असतात तेव्हा, दोन जेव्हा दिवस सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान असतो तेव्हा, आणि उरलेले चार त्यांच्या मधे मधे. यातल्या विक्का नावाच्या शाखेबद्दल लोकांना कळलं ते जेराल्ड गार्डनर नावाच्या माणसामुळं, ते पण १९५१ साली तिथला चेटूकविरोधी जुना कायदा, १७३५ चा, रद्द झाल्यावर. म्हणजे तसं बघितलं तर परवा-परवाचं. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधे साधारण ७४ हजार लोकांनी धर्म पेगन असा लिहिलाय. जोतिबाच्या चैत्र यात्रेला डोंगरावर एका दिवसात जेवढी माणसं असतात त्याच्या पुढं हा आकडा म्हणजे पार्किंगमधली गर्दी.

आता दुसरा प्रश्न. एकटाच.

आपल्याकडं एकटं कोण जातंय हो कुठं? जोतिबाला चालत जायचं तर आमचे ठरलेले नऊ जण, रात्री शिवाजी पुलावर जमायचं, वडणगे, निगवे, कुशिरे करत पहाटे डोंगर चढायचा, आणि एक जण कमी पडला तर त्याच्या घरी जाऊन त्याला उठवायचं. तिथं मी तंबू पाठीवर घेऊन बसमधनं उतरलो तर मला उठवायला पण कोण नव्हतं आणि थांबवायला पण. तंबू सेकंडहॅन्ड घेतलेला, खुंट्या ठोकायची हातोडी आणायची विसरलो, मग बुटानं ठोकल्या. त्या बुटाची टाच अजून वाकडी आहे.

पहिली संध्याकाळ बेकार गेली हे कबूल करतो. सगळे एकमेकांना मिठ्या मारतायत, वर्षानं भेटलेत, मुलं किती मोठी झाली बघतायत, आणि मी तंबूच्या तोंडाशी बसून ब्रेडला घरची कांदा लसूण चटणी लावून खातोय. ऊन रात्री नऊपर्यंत हटत नाही, त्यामुळं अंधारात लपायची पण सोय नाही. मोबाईलमधे बघत बसावं तर रेंज नाही. फोटो काढायचे तर विचारल्याशिवाय कुणाचा काढायचा नाही असा नियम, आणि तो बरोबरच आहे, कारण काहींच्या ऑफिसात हे माहीतच नसतंय. मनात म्हणलं, उद्या सकाळची पहिली बस.

सकाळी बस पकडायला निघालो आणि स्वयंपाकाच्या मांडवावरनं जाताना एका बाईनं हाक मारली, हात मोकळे आहेत का. तिथं प्रत्येकानं काहीतरी काम करायचं असतंय, म्हणजे लाकडं आणा, पाणी भरा, संडासात भुसा टाका (पाण्याचे नव्हेत, भुशाचे संडास, त्यावर पुन्हा कधीतरी). माझ्या वाट्याला कांदे आले. पोतंभर. दोन तास. आणि कांदे चिरताना माणूस कसा बोलतो म्हणून सांगू, तोंड खाली, डोळ्यात पाणी, कुणी कुणाकडं बघत नाही, सगळं बोलून जातंय. डाव्या बाजूचा माणूस ट्रक चालवायचा, बायको गेल्यापासनं तो पण एकटाच यायचा, चौथं वर्ष. म्हणाला पहिल्या वर्षी तंबूत रडलो, दुसऱ्या वर्षी भांडी घासली. बास, एवढंच. मी बॅग परत तंबूत टाकली.

त्या दिवशीचा सण लूनासा, दुसरं नाव लॅमस. पहिलं धान्य घरात आल्याचा. नव्या गव्हाची पाव-रोटी करायची आणि मोडून सगळ्यांनी खायची, आपल्या नव्याच्या पुनवेसारखंच की. आणि कथा अशी की लू नावाच्या देवानं त्याला सांभाळलेल्या आईच्या आठवणीत खेळ भरवले. मी लगेच विचारलं कुस्त्या असतात का? नव्हत्या. दोरीखेच होती. म्हणलं ठीक आहे, पण यात्रेला फड नाही म्हणजे जरा अळणीच.

संध्याकाळी मोठं रिंगण. चार दिशांना एकेक जण उभा राहतो आणि त्या दिशेला बोलावतो, पूर्वेला वारा, दक्षिणेला अग्नी, पश्चिमेला पाणी, उत्तरेला माती. माझ्या डोक्यात वास्तुवाल्या मामांचा नकाशा पक्का बसलेला, अग्नी आग्नेयेला, वायू वायव्येला, त्यामुळं गोंधळच उडाला. पश्चिमेचं पाणी तेवढं जुळलं, वरुण. तिथं साठीतली एक बाई मातीचा वाडगा घेऊन उभी, ती रिंगणातनं फिरत आली आणि म्हणाली प्रत्येकानं आपल्या घरचं पाणी कुठलं ते सांगा. कुणी सेव्हर्न म्हणालं, कुणी ट्रेंट, या तिथल्या नद्या, एक पोरगं म्हणालं आमचा नळ.

माझ्यापर्यंत वाडगा आला आणि माझा घसा बसला. कारण आदल्याच दिवशी येताना बस स्टँडवर रेंज होती तेव्हा आईचा फोन झालेला. आमच्याकडं ऑगस्टमधे कसा आहेस असं विचारत नाहीत, पाणी किती फुटावर आहे ते सांगतात. नदीवरच्या राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, कोल्हापुरातल्या लहान पोराला पण पाठ आहे, २०१९ आणि २०२१ नंतर तर जास्तच. आई म्हणालेली, "एकोणचाळीसला टेकलंय. खालची भांडी वर घेतलीत. तू जेवलास काय?"

मी म्हणलं, पंचगंगा. बाईनं अर्थ विचारला, मग सांगितलं की पाच नद्या, कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती, आणि पाचवी सरस्वती, ती दिसत नाही. आणि आत्ता पंचगंगा आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलीय. मग मला काय झालं काय माहीत, वाडग्याकडं बघून मराठीतच म्हणलं, "उतर बाई आता." सगळ्यांना वाटलं मंत्र आहे. शे-सव्वाशे माणसं एका सुरात "उतरबाई आता" म्हणाली. मला हसू पण येईना आणि रडू पण.

दोन दिवसांनी मेसेज आला, पाणी ३७ वर. राधानगरीकडचा पाऊस उघडला होता, धरणाची स्वयंचलित दारं मिटली होती, त्यामुळं उतरलं, हे मला माहीत आहे, उगाच कुणी चमत्कार म्हणून फॉरवर्ड करू नका. पण कांद्याच्या मांडवात ही बातमी सांगितल्यावर त्या ट्रकवाल्यानं सुरी खाली ठेवून टाळ्या वाजवल्या.

सगळंच आवडलं असं नाही. रात्रभर ढोल, आणि ढोल वाजवणाऱ्यांपैकी निम्म्यांना ताल नावाची गोष्ट माहीत नव्हती, आमच्या मंडळातली बारकी पोरं बरी वाजवतात. एक जण मला सारखं भारतातली गूढ विद्या विचारत होता, त्याला मी अंबाबाईचा किरणोत्सव सांगितला. ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी आणि ९ ते ११ नोव्हेंबर, मावळतीचं ऊन गाभाऱ्यात पोचतंय, आधी पाय, मग वर, मग मुखावर. त्यानं बोटं मोजली. १० नोव्हेंबर ते २१ डिसेंबर ४१ दिवस, तिथनं १ फेब्रुवारीपर्यंत ४२. म्हणजे सगळ्यात लहान दिवसाच्या अलीकडं आणि पलीकडं जवळपास सारखंच अंतर, म्हणून सूर्य दोन्ही वेळा एकाच जागी मावळतोय. आणि १ फेब्रुवारीला तर त्यांचा पण सण, इम्बोल्क. जन्म महाद्वार रोडला गेला पण हे मी कधी मोजलं नव्हतं राव.

परत आल्यावर यंदा १ फेब्रुवारीला संध्याकाळी देवळात गेलो, मुद्दाम एकटा. गर्दी मरणाची, सगळे टाचा वर करून आत बघतायत, वर ढग आहेत का नाहीत यावर दोन काकांचं भांडण चाललेलं. शेजारी एक आजी, डोकं माझ्या कोपराला लागतंय. माझ्याकडं बघून म्हणाल्या, "बरोबर कोण न्हाई व्हय रं?" मी न्हाई म्हणलं. त्यांनी ओटीची पिशवी माझ्या हातात दिली, नारळाचं वजन बरंच होतं, आणि म्हणाल्या, "धर मग. मला दोन्ही हात जोडायचे हाईत."