तुम्ही विचारलंत म्हणून: आमच्या घरातले दोन झेंडे

"मॅडम, तुमची आई लाल बावट्याची आणि वडील कमळाचे. असं कसं ओ?" निवडणूक लागली की ऑफिसात चहाच्या वेळी हा प्रश्न निघतोच. विचारणाऱ्याला वाटतं, दोघांनी जाहीरनामे वाचून आपापलं ठरवलं असणार. आमच्या घरात जाहीरनामा आला तो शेंगाचटणीच्या पुडीचा कागद म्हणून.

आई विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, ओल्या फडक्यात गुंडाळलेली तेंदूची पानं. हजार विड्या वळून कारखान्यात नेल्या की तपासणारा मूठभर उचलून 'छाट' म्हणून बाजूला टाकायचा. छाट विडीचे पैसे नाहीत आणि ती परतही मिळायची नाही. एकदा युनियनची एक बाई आईशेजारी येऊन उभी राहिली. म्हणाली, "एकेक करून दाखवा, कुठली खराब आहे ते." त्या दिवशी छाट निघाली चार. आईला मार्क्स कोण हे आजही धड सांगता येणार नाही, पण त्या चार विड्या ती कालच्यासारख्या सांगते.

वडील गिरणीत होते, आणि तेही युनियनचेच. नव्वदच्या दशकात गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, हक्काचे पैसे अडकले. दुपारी घरात बसवेना म्हणून ते चौकातल्या गणपती मंडळाच्या कट्ट्यावर जाऊन बसू लागले. तिथली पोरं भाजपची. काका काका करायची, चहा पाजायची. वडलांना रात्री छातीत दुखलं तेव्हा रिक्षा आणली ती त्यांनीच. युनियनचं कुणी आलं नाही. वर्ष-दोन वर्षांत "संप करून करून युनियननंच गिरणी घालवली" हे वाक्य आमच्या घरात आलं. माझ्या मते वडलांची आधी बैठक बदलली, मत मागाहून बदललं. त्यांना विचारा, ते उलटा क्रम सांगतील. आणि ते खोटं बोलत नसतील.

शिकलेल्यांचंही वेगळं नसतं. जेफ्री कोहेन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाचा 2003 साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यानं विद्यार्थ्यांपुढे सरकारी मदतीच्या योजना ठेवल्या, एक सढळ हाताची, एक कंजूष. योजना आपल्या पक्षाची आहे असं सांगितलं की पोरं तिच्या बाजूनं जायची, मग ती सढळ असो की कंजूष. वर म्हणायची, आम्ही योजना वाचून ठरवलं. पक्ष बघून ठरवतात ते दुसरे.

आमच्याकडे हा प्रयोग फुकटात झाला. सोलापूरजवळ कुंभारीच्या रे नगरमध्ये कामगारांसाठी 30,000 घरांची वसाहत ठरली. तिच्यासाठी लाल बावट्याच्या, म्हणजे मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाच्या, नरसय्या आडम मास्तरांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला. जानेवारी 2019 मध्ये पंतप्रधान मोदींनी सोलापुरात पायाभरणी केली. त्या कार्यक्रमात मास्तरांनी मोदींची स्तुती केली म्हणून त्यांच्या पक्षानं त्यांना तीन महिने केंद्रीय समितीतून निलंबित केलं. मग 19 जानेवारी 2024 ला त्यातली 15,000 घरं मोदींच्याच हस्ते लोकांना मिळाली. आमच्या घरी टीव्हीसमोर दोघंही बसलेले. "मोदींनी दिली बघ घरं," वडील म्हणाले. "मास्तरांनी आणली, त्यांनी नुसती किल्ली दिली," आई म्हणाली. संध्याकाळपर्यंत दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मी मध्ये पडून सांगितलं, दोघांचंही खरं आहे. त्यावर दोघंही माझ्यावर चिडले.

खरं तर मला यात हसायला जागा नाही. मीही टीव्ही बघताना नकळत आईच्या बाजूला सरकून बसले होते.

त्याच वर्षी मे महिन्यात माझ्या मुलानं पहिल्यांदा मत दिलं. तो ना सूप घेऊन बसला, ना मंडळाच्या कट्ट्यावर. त्याचा कट्टा मोबाईलमध्ये आहे आणि तिथं त्याला काका-मामा कोण भेटतात ते मला दिसत नाही. बोटावरची शाई दाखवत घरी आला तेव्हा मी विचारलं, "कुणाला दिलंस?"

"आधी तू सांग."

"मी नाही सांगत."

"नको सांगूस," तो म्हणाला, "माहितीये की."