पावणेसहा ते पावणेआठ: बाबांची पंचाहत्तरी

"टेबल तुमचंच आहे, फक्त पावणेआठला आम्हाला ते परत लागेल." लंडनच्या हॉटेलकडून आलेल्या मेलमधले शब्द इतके रोखठोक नव्हते. इथल्या मेलमध्ये काहीच रोखठोक नसतं, 'आपली संध्याकाळ आनंदाची जावो' वगैरे मऊ गादी खाली असतेच. पण मथितार्थ हा. शनिवारी पावणेसहाला या, दोन तासांत पंचाहत्तरी उरका आणि उठा.

पावणेसहा ही जेवणाची वेळ आहे का? बाबांचा दुपारचा चहा साडेचारला होतो. ऑगस्टमध्ये लंडनला सूर्य साडेआठच्या आसपास मावळतो, म्हणजे आई म्हणेल तसं 'टळटळीत उन्हात पान मांडायचं'. आणि दोन तास? आमच्या घरात जेवण चाळीस मिनिटांत होतं, मान्य. पण त्यानंतर खरकटे हात वाळेपर्यंत ज्या गप्पा चालतात, तेच खरं जेवण. पंचाहत्तर वर्षांच्या माणसाला घड्याळ दाखवून उठवायचं हे मला अजूनही पचत नाही.

नवरा म्हणतो, त्यांचं गणित बघ. मध्य लंडनचं भाडं, पन्नास-साठ खुर्च्या, संध्याकाळी एका खुर्चीवर दोन माणसं बसली नाहीत तर दुकान बंद. वर लोक टेबल अडवून ठेवतात आणि येतच नाहीत, म्हणून कार्डाचा नंबर आधी घेतात. न आल्यास माणशी २५ पौंड कापणार. मी म्हटलं, गणित बरोबर आहे, पण उत्तर मला आवडलेलं नाही. आपल्याकडे कुणी मेल पाठवून 'उठा' म्हणत नाही. (पुण्यात थाळीच्या हॉटेलात रविवारी दुपारी पुढचं गिऱ्हाईक आपल्या खुर्चीच्या पाठीला हात लावून उभं असतं आणि आपल्या श्रीखंडाच्या वाटीकडे बघत असतं, हे मला माहीत आहे. मंगल कार्यालयही चारला रिकामं करून द्यावं लागतं. पण तिथे निदान भांडता येतं.)

मग घरीच का नाही करत, असं तुम्ही विचारालच. मावशीने फोनवर विचारलंच. करता आलं असतं. पण बाबांनीच म्हटलं होतं की इथली माणसं हौसेने जिथे जातात तिथे एकदा ने, आपलं जेवण मी पुण्यात रोज जेवतो. आणि खरं सांगायचं तर आठ माणसांचा स्वयंपाक म्हणजे आई ओट्याशी उभी राहणार. तिच्या नवऱ्याच्या पंचाहत्तरीला तिला पोळ्या लाटायला लावण्यापेक्षा २५ पौंडांची टांगती तलवार परवडली.

मेडिटरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठचं जेवण, निवडलं कारण आपल्या जिभेला ते परकं वाटत नाही. भाकरीसारखी रोटी, दही, चणे, तीळ, डाळिंब, कोथिंबीर, पुदिना. शेजारच्या आजी सांगतात, त्यांच्या लहानपणी ऑलिव्ह तेल केमिस्टकडे छोट्या बाटलीत मिळायचं, कानात घालायला. युद्धातलं रेशनिंगच इथे १९५४पर्यंत चाललं होतं. २००२ साली योताम ऑटोलेंघी आणि सामी तमिमी या दोघांनी, एक ज्यू आणि एक पॅलेस्टिनी, दोघेही जेरुसलेमचे, नॉटिंग हिलमध्ये दुकान थाटलं आणि हळूहळू सुमाक (आंबट लाल मसाला), झातर (सुक्या पानांचा आणि तिळाचा मसाला), ताहिनी (वाटलेले तीळ) हे शब्द सुपरमार्केटच्या फळीवर आले. आता या पठडीतली हॉटेलं गल्लोगल्ली आहेत: उघडं स्वयंपाकघर, कोळशाची भट्टी, शेफांची आरडाओरड, मोठ्याने संगीत, आणि सगळ्या बश्या टेबलाच्या मधोमध. सगळ्यांनी सगळ्यातलं खायचं.

इथेच खरी मेख आहे. आईचा चातुर्मास. कांदा नाही, लसूण नाही, वांगं नाही. भूमध्य समुद्राच्या काठावरून ही तीन नावं काढून टाका आणि काय उरतं ते बघा! मेन्यू छापून घेतला आणि लाल पेन घेऊन बसले. भाजलेलं वांगं ताहिनी घालून, बाद. तेच वांगं टोमॅटोत शिजवून, बाद. मुहम्मरा, म्हणजे भाजलेली लाल मिरची, अक्रोड आणि डाळिंबाचा पाक, ऐकायला किती आपलंसं, पण लसूण, बाद. हमस, म्हणजे वाटलेले चणे, त्यातही लसूण. बाबा शेजारी बसून हळहळत होते, कारण त्यांना मुळात त्या 'परदेशी भरता'साठीच जायचं होतं. त्यांचा चातुर्मास नाही. त्यांचा चातुर्मास आईच पाळते.

शिवाय चीज. पार्मेजानला वासराच्या पोटातलं रेनेट (दूध फाडणारा रस) लागतंच, नियमच तसा आहे, त्यामुळे ते शाकाहारी नसतं. हलूमी (सायप्रसचं, भाजता येणारं चीज) कधी शाकाहारी असते, कधी नसते, विचारावं लागतं. आणि एकाच वाटीत आठ जणांनी रोटी बुडवायची म्हणजे उष्टं! पहिल्या घासानंतर आई त्या वाटीकडे बघणारसुद्धा नाही.

दादा लेस्टरहून फोनवर म्हणाला, "एवढं कशाला समजावत बसतेस? सरळ सांग, आईला कांदा-लसणाची अॅलर्जी आहे. लगेच सरळ होतील." सल्ला वाईट नव्हता. इथे अॅलर्जीला फार मानतात. डिसेंबर २०१४पासून चौदा पदार्थांची यादी कायद्यातच आहे, त्यांपैकी काहीही अन्नात असेल तर हॉटेलाला सांगावंच लागतं. यादी वाचण्यासारखी आहे. शेंगदाणे आहेत, तीळ आहेत, दूध आहे, गहू आहे, आणि मोहरी आहे. थोडक्यात, आपली फोडणी आणि तिळगूळ दोन्ही कायद्याच्या नजरेत संशयित. कांदा आणि लसूण मात्र यादीत नाहीत.

तरी मी खोटं बोलले नाही. फार सात्त्विक म्हणून नाही. अॅलर्जी म्हटलं की ते वेगळी सुरी, वेगळा पाट, वेगळी कढई घेतात, आणि आईने उद्या चुकून लसणाची चटणी मागितली (नोव्हेंबरमध्ये ती मागतेच) तर माझं तोंड काळं. शिवाय माझ्या मुलाच्या वर्गातल्या एका मुलाला खरोखर तिळाची अॅलर्जी आहे, दप्तरात इंजेक्शन घेऊन फिरतो तो. त्याच्या रांगेत मी आईला कशी घुसवू?

म्हणून हॉटेलला फोन केला. पलीकडे एक तरुण मुलगी होती, बहुधा ग्रीक किंवा सायप्रसची. मी पाल्हाळ लावलं: चार महिने, धार्मिक कारण, पण आयुष्यभर नाही, जमिनीखालचं सगळं वर्ज्य असंही नाही, बटाटा चालतो. तिने शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "चुकून आलंच ताटात, तर आई आजारी पडतील की त्यांना वाईट वाटेल?"

"वाईट वाटेल," मी म्हटलं.

"बरं. मी तसंच लिहिते."

आणि तिने तसंच लिहिलं! दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराकडून यादी आली. लबनेह चालेल: आपल्या चक्क्यासारखं टांगलेलं दही, त्यावर झातर आणि मध. हमसची एक वाटी बिनलसणाची वेगळी करून देऊ. हलूमी शाकाहारी रेनेटची आहे, कोळशावर भाजून देऊ. अख्खा भाजलेला फ्लॉवर, तेल-मीठ लावून, सॉस वेगळ्या भांड्यात. टोमॅटो आणि सुमाक, कांदा वगळून. शेवटी कुनाफा, म्हणजे चीज घातलेली शेवयांची मिठाई. खाली एक ओळ होती: 'आपल्या आईंचे पदार्थ वेगळ्या ताटात पहिल्यांदा येतील, हात लागण्याआधी.' उष्ट्याचा विषय मी काढलाही नव्हता. मी ती ओळ आईला वाचून दाखवली. आई म्हणाली, "कुणाच्या घरची आहे गं मुलगी?"

लगेच माझ्यातला पुणेकर जागा झाला. आपल्याकडे हे सांगावं लागतच नाही, कुठल्याही हॉटेलात 'जैन' म्हटलं की झालं, असं मी नवऱ्याला सुनावलं. तो म्हणाला, मुंबईत झालं असेल, तुझ्या आवडत्या पुण्यातल्या हॉटेलात पाटी आहे: 'पदार्थात बदल करून मिळणार नाही.' त्यावर मी विषय बदलला.

वेळेचा प्रश्न शेवटी आईने सोडवला. शनिवारचा हट्ट आमचाच होता. ती पहिल्यापासून म्हणत होती की वाढदिवस तिथीनेच करायचा. पंचांग काढलं तर तिथी मंगळवारी. मंगळवारी रात्री साडेआठला शेवटची बैठक असते, मागून कुणी येणार नसतं, म्हणून दोन तासांची अटही नाही. गर्दी कमी, म्हणून आवाजही कमी; बाबांच्या कानातल्या यंत्रात शनिवारी नुसती भांडी वाजली असती. भिंतीलगतचं, भट्टीपासून लांबचं टेबल मागून घेतलंय. सहाला बाबांना वाटीभर पोहे. सेट मेन्यू मात्र सुटला नाही, आठ माणसं झाली की घ्यावाच लागतो: माणशी ४८ पौंड, वर साडेबारा टक्के सेवाशुल्क. ते शुल्क ऐच्छिक असतं, पण कुणी काढायला लावत नाही. ऑक्टोबर २०२४पासून तो सगळा पैसा कामगारांनाच द्यावा असा कायदा झालाय, त्यामुळे त्या फोनवरच्या मुलीच्या वाट्याला काही येईल याचं मला बरंच वाटतंय. बाबांनी ४८ला रुपयांनी गुणू नये म्हणून मेन्यूवरच्या किमती आम्ही आधीच झाकल्यात. मोठ्या गटाला किमती नसलेला कागद छापून देतात, विचारलं तर.

आता एवढंच उरलंय की दादाला ऑक्टोपस हवाय. श्रावणातल्या मंगळवारी, आईच्या समोर. वहिनीने समजावून पाहिलं, मी धमकी देऊन पाहिलं. तो म्हणतो, माणशी ४८ पौंड देऊन मी फ्लॉवर खाणार नाही. मग मी बसायचा नकाशा काढलाय: दादा भिंतीच्या टोकाला, आई दुसऱ्या टोकाला बाबांच्या शेजारी, मध्ये मुलं आणि तो अख्खा फ्लॉवर, जितका उंच मिळेल तितका.