उत्पन्न कमी दाखवलं की कर्ज अडतं

सिडकोच्या घरांच्या सोडतीत नाव लागणं नशिबावर असतं. पुढचं कर्ज मात्र कागदावर मिळतं, आणि धुणीभांडी-रिक्षावर चालणारी कुटुंबं तिथेच अडतात.

२०२४ च्या योजनेत तळोज्यातलं दुर्बल घटकाचं घर सुमारे २५ लाखांना होतं, उत्पन्नमर्यादा पूर्ण कुटुंबाची वर्षाला ६ लाख. २० लाखांचं कर्ज, ९ टक्के, २० वर्षं धरली तर हप्ता साधारण १८,००० बसतो. हप्ता उत्पन्नाच्या निम्म्यात बसवायचा तर महिना ३६,००० कागदावर दिसायला हवेत. नवऱ्याची रिक्षा आणि बायकोची चार-पाच घरची कामं मिळून तेवढं येतंही. पण तहसीलदाराच्या उत्पन्नाच्या दाखल्यावर आकडा असतो त्याहून बराच कमी. कारण शहरात अन्नसुरक्षेच्या धान्याला ५९,००० ची आणि लाडक्या बहिणीला अडीच लाखांची वार्षिक मर्यादा, म्हणून उत्पन्न कमी दाखवलेलं असतं.

मग इन्कम टॅक्स रिटर्नशिवाय कर्ज देणारी एखादी फायनान्स कंपनी गाठली जाते. तिथे १२ टक्के लागले तर हप्ता २२,००० वर जातो. महिन्याला ४,००० जास्त, तेही वीस वर्षं. लाडक्या बहिणीचे महिन्याचे दीड हजार टिकवायला ही किंमत महागच. अर्थात चार माणसांचं महिन्याचं २० किलो मोफत धान्यही जाईल, तेही हिशेबात धरा. आमच्या मते तरी पारडं खऱ्या उत्पन्नाकडेच झुकतं. दोन कचेऱ्यांत दोन आकडे देण्याचा सल्ला एजंट देतात. ऐकू नका, कागद तपासणीत तेच अंगाशी येतं.

तयारी अर्जाच्या दोन वर्षं आधी सुरू करायची. रिक्षाची रोकड दर आठवड्याला खात्यात भरा. बाईंनी पगार स्वतःच्या खात्यावर घ्यावा, नवऱ्याच्या नाही: दुर्बल घटकाचं हे घर पंतप्रधान आवास योजनेतलं, ते स्त्रीच्या नावे किंवा जोडनावावर होतं, त्यामुळे सहकर्जदार म्हणून त्यांचं उत्पन्न मोजता येतं, पण दिसलं तरच. दोघांचं रिटर्न वेळेत भरा. रिटर्न भरलं म्हणजे कर बसतोच असं नाही. एवढ्या उत्पन्नावर नव्या करप्रणालीत तो शून्य असतो.

गावाकडचं घर विसरू नका. नवरा, बायको किंवा अविवाहित मुलांच्या नावे देशात कुठेही पक्कं घर नसावं अशी अट आहे. वडील वारल्यावर नमुना ८ वर, म्हणजे ग्रामपंचायतीच्या घरांच्या नोंदवहीत, वारस म्हणून नाव चढलं असेल, तर पैसे भरण्याआधीच सिडकोत विचारून घ्या.

अर्जात घरांचा प्राधान्यक्रम भरताना किमतीआधी कामाची जागा बघा. तळोज्याहून ऐरोलीला पेंधर मेट्रोने बेलापूर, तिथून ठाणे लोकल असं जाता येतं. बामणडोंगरी, खारकोपरला मात्र उरण मार्गाच्या मोजक्याच गाड्या. सातला पहिल्या घरी हजर राहायचं असेल तर पहिल्या गाडीची वेळ आधी बघा, नाहीतर सकाळचं काम सुटतं आणि हप्त्याचं गणितही.