आमची वाटचाल: पायात घालायची चित्रं

सुरुवातीला आमच्याकडे ना मशीन होतं ना कारखाना, फक्त कोरे पांढरे स्नीकर्स, रंगाच्या बाटल्या आणि आमच्याच भागातले काही चित्रकार मित्र ज्यांची चित्रं घरात कपाटामागे पडून होती. डोक्यात एवढंच होतं की भिंतीवर लावायला चित्र विकत घेणारे कमी पण बूट सगळेच घेतात, मग चित्र बुटावरच काढू की.

ऐकायला सोपं आहे. पण लेदरवर रंग असा सरळ बसत नाही हो, फॅक्टरीतून निघतानाच त्यावर फिनिशचा थर असतो, तो आधी अ‍ॅसिटोनने पुसून काढायचा, सोलच्या कडेला मास्किंग टेप लावून, खिडक्या उघड्या ठेवून. मग लेदरचाच अ‍ॅक्रिलिक रंग घ्यायचा, चित्रकार नेहमी वापरतात तो नाही कारण तो वाळला की कडक होतो आणि बूट वाकला की तडकतो. थर एकदम पातळ, एक वाळला की दुसरा, पिवळ्यासारखा रंग असेल तर थरांवर थर, शेवटी वरून फिनिशर, म्हणजे रंग जपणारा पारदर्शक थर. ब्रश भरून एकदाच रंग मारायची सवय असलेल्या चित्रकाराचा इथे जीव जातो. कापडी बुटाचं अजून वेगळं, कापड रंग पितं, म्हणून रंगात फॅब्रिक मीडियम, म्हणजे रंग कापडावर मऊ ठेवणारं द्रावण, मिसळायचं आणि नंतर हीट गनने पक्कं करायचं.

पण खरी गंमत बोटांच्या मागच्या घडीत आहे. पाऊल टाकलं की बूट तिथेच मोडणार, कितीही महाग रंग आणा. तिथे चेहरा काढला तर थोड्याच दिवसांत त्याच्या कपाळावर आठ्या! म्हणून आमच्याकडे ठरलेलं आहे, चेहरे, अक्षरं, बारीक रेघा सगळं टाचेकडे आणि बाहेरच्या बाजूला. आमच्या एका चित्रकर्तीने मात्र घडी चुकवायच्या ऐवजी घडीवरच नदी काढली, चालताना बूट वाकला की पाण्यावर लाटा उठतात. आम्ही सगळे बघतच राहिलो. कागदावर काढलेलं चित्र बुटावर उतरवणं आणि बुटासाठीच चित्र काढणं यातला फरक मला त्या जोडाने कळला आणि त्यानंतर आम्ही कुणाचंही तयार चित्र घेणं बंद केलं.

लोक विचारतात मोठ्या ब्रँडचे बूट रंगवून का विकत नाही, जास्त चालतील. चालतील हो, पण कुणाचा स्वतःचा बूट त्याला रंगवून देणं वेगळं आणि ब्रँडचा बूट बदलून आपण बाजारात आणणं वेगळं. 2021 मध्ये अमेरिकेत मिस्चिफ (MSCHF) नावाच्या आर्ट ग्रुपने लिल नास एक्स या रॅपरबरोबर नाइकीच्या एअर मॅक्स 97 चे 666 जोड बदलून काढले, नाइकीने ट्रेडमार्कचा दावा ठोकला आणि प्रकरण तडजोडीवर मिटलं. आपल्याला वकिलाची फी परवडणारी नाही, त्यामुळे पहिल्यापासून बिनलोगोचे कोरे बूट.

पुढे ऑर्डरी वाढल्या आणि हाताने रंगवून पुरं पडेना, तेव्हा अप्परचे, म्हणजे बुटाच्या सोलवरच्या भागाचे, तुकडे शिवायच्या आधीच छापायला लागलो. सब्लिमेशन प्रिंट, ते पॉलिएस्टरवर चालतं, सुती कापडावर नाही, उष्णतेने शाईची वाफ होऊन ती धाग्यात शिरते म्हणून घडीत तडकायचा प्रश्नच मिटतो. दुसरा प्रश्न उभा राहतो! छापलेलं कापड सपाट असतं आणि बूट घडतो लास्टवर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर ताणून, त्यामुळे पुढच्या बाजूला काढलेला गोल ताणला की गोल राहत नाही. डाव्याचं डिझाईन नुसतं आरशासारखं उलटवून उजव्याला दिलं तर अक्षरं उलटी येतात. आणि लहान साइझमध्ये बसलेलं चित्र मोठ्या साइझमध्ये शिलाईच्या आत जातं किंवा नाडीच्या भोकात, चित्रातल्या पक्ष्याचा डोळा नेमका भोकातच का येतो देव जाणे. त्यामुळे आता चित्रकाराला आधी तुकड्यांचा साचा देतो, त्यावर शिलाई, भोकं, घडी सगळं आखलेलं असतं.

प्रिंट आल्यावर पैशाचं गणितही बदललं. हाताने रंगवलेल्या जोडाची मजुरी दिली की विषय संपायचा, पण छापील चित्र कितीही जोडांवर जाऊ शकतं, मग एकदाच पैसे देऊन चित्र कायमचं आपलं करून घेणं मला पटेना. धंद्यातल्या लोकांनी वेड्यात काढलं. आम्ही प्रत्येक जोडामागे रॉयल्टी देतो, कॉपीराइट चित्रकाराचाच, आणि नाव बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला छापलेलं. हिशोब ठेवताना डोकं फिरतं हे खरंय. काहीजण म्हणतात रॉयल्टी नको, आत्ताच एकरकमी द्या, घरभाडं भरायचंय, तर त्यांना तसं देतो पण किती जोडांपर्यंत ते कागदावर लिहून.

हाताने रंगवलेले अजूनही करतो, फक्त ऑर्डरवर, आणि घाई असेल त्यांना सरळ नाही म्हणतो. सध्या विणलेल्या अप्परवर खटपट चालू आहे, ते इतकं ताणलं जातं की रंग टिकतच नाही, तर आमची एक चित्रकर्ती त्यावर भरतकाम करून बघतेय, पहिला नमुना तिने स्वतःच घालून फिरायला घेतलाय.