अठराव्या दिवसाचा आकडा

त्या गृहस्थांनी माझ्यासमोर केसपेपर ठेवण्याआधी एक नोंदवही उघडली. आलेखाच्या कागदावर रोज सकाळच्या वजनाचा एकेक ठिपका होता आणि ठिपके पट्टीने जोडलेले होते. ९४ किलोपासून निघालेली रेघ, केवळ पाण्यावर काढलेल्या १८ दिवसांत, ८०.४ पर्यंत उतरली होती आणि त्या आकड्याभोवती लाल शाईचे वर्तुळ होते. पुढच्या पानावर उपवास सोडल्यानंतरचे १२ दिवस होते आणि तिथली रेघ चढत ८७ वर आली होती. "मॅडम, कमावलेलं निम्मं घालवलं मी," ते म्हणाले. "सोमवारपासून पंचवीस दिवसांचा धरतो. फक्त नंतर वजन राखायचं कसं, तेवढं सांगा."

रुग्णालयात आहारतज्ज्ञ म्हणून काम करताना एक गोष्ट वारंवार दिसते: दीर्घ उपवास करणारी माणसे उपवासाआधी आमच्याकडे क्वचितच येतात. ती येतात वजन परत चढू लागल्यावर, आणि तेव्हा त्यांना भुकेपेक्षा शरमेने अधिक ग्रासलेले असते.

उत्तर देण्याआधी मी त्यांना मोजे काढायला सांगितले. घोट्याच्या वर अंगठा दाबून धरला आणि उचलला, तर तिथे खळगा तसाच राहिला आणि सावकाश भरला. उपवासात इन्शुलिन खाली जाते, तेव्हा मूत्रपिंडे सोडियम आणि त्याबरोबर पाणी सोडून देतात. खाणे सुरू झाले की तीच मूत्रपिंडे दोन्ही घट्ट धरून ठेवतात. त्या खळग्यात दिसत होते ते हे पाणी. विचारल्यावर कळले, की अठराव्या दिवशी संध्याकाळी ते एकदम पोटभर जेवले होते आणि तिसऱ्या रात्री छातीत धडधडल्याने उठून बसले होते. दहा दिवसांहून अधिक काळ ज्याच्या पोटात अन्न नाही, त्याला शरीराच्या वजनाच्या किलोमागे दिवसाला जेमतेम १० किलोकॅलरींपासून, रक्ततपासणीवर लक्ष ठेवून, हळूहळू वर न्यायचे असते, कारण अन्न येताच रक्तातले फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जाते आणि हृदयाची लय बिघडू शकते. तो धोका त्यांनी घरी एकट्याने, नकळत ओलांडला होता. बाहेरच्या डॉक्टरांनी आता नॉर्मल आलेला रक्ताचा रिपोर्ट पाहून केसपेपरवर 'वजन कमी करणे' एवढेच लिहून त्यांना माझ्याकडे पाठवले होते. या माणसाने १८ दिवस काही खाल्ले नव्हते, हे त्या कागदावर कुठेच नव्हते, आणि ते लिहायला आमच्या केसपेपरवर रकानाही नाही. याचा मला अजूनही राग येतो.

मग मी कोरा कागद घेतला. त्यांच्यासारख्या माणसाचा खर्च उपवासात दिवसाला सरासरी २००० किलोकॅलरी धरला, तर १८ दिवसांत ३६,००० होतात. शरीराने रोज सुमारे ५० ग्रॅम प्रथिने मोडली असे धरले, तर ९०० ग्रॅम होतात. पण स्नायू आणि अवयव यांत प्रथिनांचा वाटा जेमतेम एक पंचमांश, बाकी बहुतेक पाणी, म्हणजे वजनात साडेचार किलो गेले. ग्लायकोजेन, म्हणजे यकृतात आणि स्नायूंत साठवलेली साखर, अर्धा किलो आणि त्याने धरून ठेवलेले तिप्पट पाणी, असे दोन किलो. सोडियमबरोबर गेलेले पाणी आणि रिकामे झालेले आतडे मिळून तीन. ३६,००० मधून प्रथिने आणि ग्लायकोजेन यांनी दिलेल्या किलोकॅलरी वजा केल्या, की उरलेल्या चरबीतून आल्या, म्हणजे सुमारे चार किलो चरबी. बेरीज साडेतेरा आली आणि त्यांच्या वहीतली घट होती १३.६. हा अंदाजाचा हिशोब आहे हे मी त्यांना सांगितले, पण तो इतका जुळलेला पाहून ते पुढे झुकले.

आता मला सर्वांत अवघड वाक्य बोलायचे होते. चरबी सोडून बाकी सगळे भरून यायलाच हवे आणि ते भरून आले, की एक ग्रॅमही नवी चरबी न चढता त्यांचे वजन ९० च्या आसपास येणार होते. ८७ वर खचलेल्या माणसाला ९० हे यश आहे असे सांगताना माझा आवाज मलाच कोरडा वाटला. ते म्हणाले, "पण एका माणसाने ३८२ दिवस उपवास केला आणि वजन राखलं." ते अँगस बार्बिएरीबद्दल बोलत होते. १९६५-६६ मध्ये स्कॉटलंडमध्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली, जीवनसत्त्वे आणि क्षार घेत त्याने तो उपवास केला आणि पाच वर्षांनंतरही त्याचे वजन सुमारे ८९ किलोच होते, हे खरे आहे. मात्र सुरुवातीला तो २०७ किलोंचा होता. चरबीचा एवढा साठा ९४ किलोंच्या शरीरापाशी नसतो.

वजन राखण्याबद्दल मी त्यांना जे सांगितले त्याचा पाया १९४४-४५ मधला मिनेसोटा विद्यापीठातला प्रयोग आहे. तिथे ३६ तरुणांना २४ आठवडे निम्म्याच्या आसपास आहारावर ठेवले होते. नंतर भरपूर जेवण मिळूनही त्यांची भूक शमेना, चरबी परत आली तरी शमेना. त्या नोंदी पुढे पुन्हा तपासल्या गेल्या, तेव्हा या भुकेचा संबंध न भरलेल्या स्नायूंशीही दिसून आला. म्हणून वजनाच्या किलोमागे रोज १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने आणि आठवड्यातून दोनदा वजने उचलण्याचा व्यायाम हा माझ्या दृष्टीने भूक आवरण्याचाच उपाय आहे. रोजच्या ठिपक्याऐवजी आठवड्याची सरासरी लिहायची आणि ती ९२ ओलांडेल त्याच आठवड्यात मला भेटायचे, असे ठरले. नवा उपवास त्यांनी पुढे ढकलला. सोडला असे ते म्हणाले नाहीत.

हा हिशोब मी दोन वर्षांपूर्वी करायला हवा होता. तेव्हा अशाच उपवासानंतर आलेल्या एका बाईंना मी म्हणाले होते, "परत येणारच होतं ते." त्या मान हलवून गेल्या आणि पुन्हा आल्या नाहीत. त्यांच्या काट्यावर परत आलेले बहुतेक पाणीच असणार, आणि मी त्यांच्याइतकेच त्या पाण्याला चरबी समजून बोलले होते.

ते गृहस्थ चौथ्या महिन्यात आले तेव्हा वजन ८८.६ होते, कंबर उपवासाआधीपेक्षा सहा सेंटिमीटरने कमी होती आणि घोट्यावर अंगठ्याचा खळगा उमटत नव्हता. तरीही त्यांनी वही उघडली ती लाल वर्तुळाच्या पानावर आणि विचारले, "८०.४ परत कधी दिसेल?" मी कोरा कागद पुढे केला आणि या वेळी पेन त्यांच्या हातात दिले. ग्लायकोजेन, पाणी, स्नायू, सगळे आकडे त्यांनी न चुकता लिहिले. चरबीपुढे चार लिहिल्यावर मात्र ते बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिले.