कारखान्यातून आला तसा

मे महिन्यातल्या दुपारी लातुरात माणसाने करण्यासारखे फारसे काही नसते. कूलरसमोर बसून जुने लेख चाळावेत, म्हणून मी कपाटातला २०१० सालचा लॅपटॉप काढला. युनिकोड अंगवळणी पडण्याआधी श्रीलिपी या मराठी टंकनाच्या प्रोग्राममध्ये टंकलेले माझे बरेच लेखन नव्या यंत्रावर उघडले की नुसती रोमन अक्षरे आणि खुणा दिसतात; त्यामुळे या म्हाताऱ्याला निवृत्ती देणे मला जमलेले नाही. पडदा उजळला, बराच वेळ विचार करत राहिला आणि मग उजव्या कोपऱ्यात एक सूचना उमटली, की आपण अद्याप रिकव्हरी डिस्क, म्हणजे विंडोज पुन्हा बसवायच्या चकत्या, तयार केलेल्या नाहीत. लॅपटॉप मुळात धाकट्या बहिणीचा. तिच्याकडे असतानाही ही सूचना येतच असणार आणि दर वेळी ‘नंतर आठवण करा’ असे सांगून ती मार्गी लागत असणार. इतक्या वर्षांनंतरही न चिडता तेच विचारणाऱ्या यंत्राचे त्या दिवशी मला कौतुक वाटले.

त्या काळात ज्यांनी लॅपटॉप घेतला त्यांना खोक्यात चार्जर, घडी घातलेली हमीपत्रे आणि थर्माकोल एवढेच मिळाल्याचे आठवत असेल. विंडोजची सीडी कुठे आहे, असे विचारले तर दुकानदार हसून ‘आतच आहे’ म्हणायचा. ती खरोखरच आत असे. हार्ड डिस्कचा एक कोपरा कापून तिथे सगळी मूळ सामग्री भरलेली असे आणि काही यंत्रांत तो कोपरा ‘रिकव्हरी’ नावाचा डी ड्राइव्ह म्हणून समोर दिसत असे. तो मुळातच जवळजवळ भरलेला असल्यामुळे त्याची पट्टी कायम लाल दिसायची. त्या लाल रंगाला घाबरून घरोघरच्या जाणत्या पुतण्यांनी तो ड्राइव्ह किती तत्परतेने ‘रिकामा’ करून दिला असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

पण पुतण्यांचा तरी काय दोष? मूळ वस्तू आणि तिची राखीव प्रत एकाच हार्ड डिस्कवर ठेवणे हाच विचार मला कधी पटला नाही. डिस्क बिघडली की दोन्ही एकदमच जाणार. माझी आजी हे एका वाक्यात सांगत असे, अर्थात ज्वारीबद्दल. औसा तालुक्यातल्या आमच्या गावी माळवदाचे घर होते आणि त्याच्या जाड भिंतीत धान्य साठवायचे बळद होते. मळणीच्या आधी आजी खळ्यावर स्वतः बसून मालदांडीची भरदार, टपोरी कणसे निवडून बाजूला काढायची. त्यांचे दाणे वेगळे झोडायचे, कडक उन्हात वाळवायचे, चुलीतली राख चोळायची आणि वर कडुलिंबाचा पाला घालायचा, हे सगळे तिच्या देखरेखीखाली होई. त्यातले निम्मे बी घरात राही आणि निम्मे बैलगाडीतून तिच्या भावाच्या गावी जाई. भावाचेही निम्मे बी आमच्याकडे येत असे. हा उलटसुलट प्रवास पाहून मी हसलो, तेव्हा ती म्हणाली होती, “लेकरा, बी एका घरात ठिवू नाही.” ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि आमच्या भागातली दगडमातीची घरे जागच्या जागी बसली, तेव्हा बळदातली ज्वारीही ढिगाऱ्याखाली गेली. रब्बीची पेरणी तोंडावर होती. त्या वर्षीचे बी भावाच्या गावाहून आले. आजीने त्याबद्दल पुढे एक अक्षरही काढले नाही. बोलण्यासारखे दिवस ते नव्हतेच.

तेव्हा डिस्क करायच्या, असे मी ठरवले आणि संध्याकाळी कोऱ्या डीव्हीडी आणायला गंजगोलाईत गेलो. एके काळी तिथल्या दुकानांत पन्नास-पन्नास चकत्यांचे डबे रचलेले असत. आता तरुण दुकानदाराने मी रॉकेल मागितल्यासारखे पाहिले आणि पेनड्राइव्ह पुढे केला. पेनड्राइव्ह मला चालला असता, पण त्या जुन्या प्रोग्रामला चालत नव्हता. त्याला डीव्हीडीच हवी होती, तीही एकदाच लिहिता येणारी. पुसून पुन्हा वापरायच्या प्रकाराला त्याने स्पष्ट नकार दिला होता. शेवटी एका फोटो स्टुडिओत लग्नाच्या शूटिंगसाठी आणून शिल्लक राहिलेल्या चकत्या मिळाल्या. त्यांच्यावर ४.७ जीबी असे छापलेले होते, पण त्याच चकतीवर संगणक ४.३७ जीबीच जागा दाखवतो. यात कोणी मापात पाप करत नाही. चकती करणारा १००० च्या पटीत मोजतो आणि विंडोज १०२४ च्या, एवढाच फरक आहे. तरी आपल्याला काहीतरी कमी मिळाले ही रुखरुख मनातून जात नाही.

डिस्क लिहिण्याबाबत माझे काही आग्रह आहेत आणि त्यांचे समर्थन करण्याची मला गरज वाटत नाही. वेग शक्यतो चौपटीच्या वर नेऊ नये. एका चकतीला पंधरा मिनिटे लागली तर लागू द्यावीत. चकतीतल्या रंगद्रव्याच्या थरावर लेसरने एकेक खूण उमटत असताना त्याच संगणकावर पत्ते खेळू नयेत आणि टेबलावर चहाचा कप आपटू नये. नाव लिहायचे ते मधल्या पारदर्शक कड्यावरच लिहावे. हा थर उन्हाने आणि उष्णतेने खराब होतो, म्हणून मराठवाड्यात डिस्क पत्र्याच्या खोलीत ठेवणे हा मी गुन्हा मानतो. शिवाय अनेक कंपन्यांच्या यंत्रांत हा संच परवान्याच्या अटींमुळे एकदाच करता येत असे. त्यामुळे दुसऱ्या चकतीच्या मध्यावर वीज गेली, तेव्हा मी इन्व्हर्टरचा दिवा लागेपर्यंत श्वास रोखून उभा होतो. लॅपटॉपची बॅटरी केव्हाच नावापुरती उरलेली आहे.

तीन चकत्या भरल्या. त्यांत काय साठले, हे मग सावकाश लक्षात आले. मुदत कधीच संपलेला चाचणीपुरता अँटिव्हायरस, कोणी न खेळलेल्या खेळांचे नमुने, कंपनीच्या बोधचिन्हाचे निळे चित्र आणि १४ जानेवारी २०२० रोजी ज्याचा सांभाळ मायक्रोसॉफ्टने थांबवला ते विंडोज ७, एवढे सगळे जपले गेले. यंत्राच्या पोटाखाली चिकटवलेल्या पंचवीस अक्षरांच्या परवाना क्रमांकातली निम्मी अक्षरे घासून गेली आहेत. या डिस्कवरून विंडोज परत घातले तर तो क्रमांक सहसा विचारला जात नाही, हा त्यांचा मोठाच उपयोग. माझे लेख मात्र त्यांत नाहीत. डिस्क यंत्राला कारखान्यातून आले तसे करतात, म्हणजे मधले सगळे पुसून टाकतात. लेखांच्या प्रती मी वेगळ्या काढून ठेवतो. पण श्रीलिपी पुन्हा बसवायची झाली तर तिची सीडी आणि ती चालण्यासाठी संगणकाला जोडावे लागणारे कुलूप (डोंगल) शोधण्यापासून सुरुवात.

आताच्या यंत्रांना यातले काहीच लागत नाही. परवाना मदरबोर्डावरच्या चिपमध्ये असतो आणि विंडोज इंटरनेटवरून पुन्हा उतरवता येते. गावीही आता बहुतेक बियाणे पिशवीतूनच येते, आणि संकरित वाणाचे बी घरी राखण्यात अर्थ नसतो, हे मला ठाऊक आहे. सोय आहे, हे मान्य करायलाच हवे.

रविवारी बहीण आली तेव्हा मी तिन्ही चकत्या कागदात गुंडाळून तिच्या हातात दिल्या.

“दादा, माझ्या नव्या लॅपटॉपला डीव्हीडीची खाचच नाही,” ती म्हणाली. “हे घालू कशात?”

“घालायचे नाही. तुझ्या घरी ठेवायचे.”

तिने माझ्याकडे एकदा आणि पुडक्याकडे एकदा पाहिले आणि काही न बोलता ते पिशवीत टाकले. संध्याकाळी ती गेल्यावर पुडके शू-रॅकवर सापडले. विसरली की मुद्दाम ठेवून गेली, हे मी अजून विचारलेले नाही.